हृदयाचा पेट-सीटी: पुण्याची गाडी ठरवण्याआधी

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वडील ६४ वर्षांचे, मधुमेह जुना. पाच महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला. टूडी इकोत ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) २८ टक्के, अँजिओग्राफीत तिन्ही मुख्य नळ्यांमध्ये ब्लॉकेज. लातूरच्या कार्डिओलॉजिस्टनी सांगितलं की बायपासचं ठरवण्याआधी पुण्याला जाऊन हृदयाचा 'व्हायबिलिटी पेट-सीटी', म्हणजे स्नायू जिवंत आहे का ते बघणारा स्कॅन, करून आणा. न्यू जर्सीतला चुलतभाऊ म्हणतो, तिकडे हृदयाचं पेट सर्रास होतं, तासाभरात माणूस घरी. तुमचे प्रश्न दोन: हा स्कॅन खरंच लागतो का, आणि लागत असेल तर आपल्याकडे त्यासाठी एवढं दूर का जावं लागतं?

मी न्यूक्लिअर मेडिसिनची डॉक्टर, म्हणजे हे स्कॅन करणाऱ्या आणि वाचणाऱ्या बाजूची. माझं उत्तर त्या हिशेबानेच वाचा. वडिलांना न तपासता "करा" किंवा "करू नका" असं मी सांगणार नाही. पण कशावरून ठरवायचं, ते सांगू शकते.

आधी हा स्कॅन काय बघतो ते. अटॅकनंतर हृदयाचा जो भाग हलत नाही, तो दोन कारणांनी हलत नसतो. एक, तिथला स्नायू मेलाय आणि जागी नुसता व्रण उरलाय. दोन, स्नायू जिवंत आहे, पण रक्त कमी पडतंय म्हणून त्याने काम थांबवलंय. इकोत दोन्ही जवळपास सारखेच दिसू शकतात. दुसऱ्या प्रकारच्या स्नायूला रक्त मिळालं तर तो पुन्हा काम करू लागण्याची शक्यता असते, पहिल्याला कितीही रक्त दिलं तरी उपयोग नाही. पेटमध्ये एफडीजी नावाची किरणोत्सारी साखर शिरेतून देतात. जिवंत स्नायू ती ओढून घेतो, व्रण घेत नाही. त्याच्या जोडीला रक्तपुरवठ्याचा वेगळा स्कॅन लागतो. रक्त कमी पण साखर ओढतोय, तर स्नायू जिवंत. दोन्ही कमी, तर व्रण.

यात सीटीचं काम काय? सातबाऱ्यावर शेतात पीक काय आहे ते कळतं, हद्द मात्र मोजणीच्या नकाशावरच दिसते. पेट किंवा स्पेक्ट (गॅमा कॅमेऱ्यावर होणारा साधा न्यूक्लिअर स्कॅन) हा सातबारा आणि सीटी हा नकाशा. दोन्ही एकाच टेबलावर, रुग्ण न हलवता घेतले की एकावर एक ठेवता येतात. याशिवाय सीटीचं एक कमी बोललं जाणारं काम आहे. हृदयातून निघालेले किरण छातीतून बाहेर येताना वाटेत अडतात. पुरुषांत छाती आणि पोटामधल्या पडद्यामुळे हृदयाची खालची भिंत आणि स्त्रियांत स्तनांमुळे पुढची भिंत उगाचच फिकी दिसते, म्हणजे नसलेला आजार दिसतो. सीटी वापरून ही घट भरून काढता येते. मात्र सीटी क्षणात होतो आणि पेटला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात श्वासाने हृदय वरखाली होतं. दोन्ही चित्रं नीट जुळवली नाहीत तर नवाच खोटा दोष तयार होतो. म्हणून मशीन कोणत्या कंपनीचं, यापेक्षा तिथला टेक्नॉलॉजिस्ट ही जुळणी तपासतो का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक गैरसमज रोज भेटतो: "पेट-सीटी केलाय, म्हणजे सीटी अँजिओ झालीच ना?" नाही. यातला सीटी बहुतेक वेळा कमी डोसचा असतो. त्यात नळ्यांतलं कॅल्शियम ढोबळ दिसतं, नळी किती बंद आहे ते दिसत नाही. तुमच्या वडिलांची अँजिओग्राफी झालेलीच असल्यामुळे त्यांना याने फरक पडत नाही.

आता खरा मुद्दा. स्नायू जिवंत आहे की नाही हे कळल्यावर पुढे काय बदलणार? यावर मोठे अभ्यास झालेत आणि त्यांची उत्तरं आमच्या क्षेत्राला फारशी सुखावणारी नाहीत. 'स्टिच' नावाच्या चाचणीत ईएफ ३५ टक्के किंवा कमी असलेले १२१२ रुग्ण होते. निम्म्यांना बायपास आणि औषधं, निम्म्यांना फक्त औषधं. दहा वर्षांचे निकाल २०१६ मध्ये आले. बायपासवाल्या गटात मृत्यू ५८.९ टक्के, औषधांच्या गटात ६६.१ टक्के. फरक खरा आहे, पण तो दिसायला बरीच वर्षं लागली. यातल्या ६०१ रुग्णांची व्हायबिलिटी तपासली होती. अपेक्षा अशी की ज्यांचा स्नायू जिवंत, त्यांनाच बायपासचा फायदा होईल. तसं दिसलं नाही. या ६०१ जणांची तपासणी स्पेक्ट आणि डोब्युटामिन इकोने (औषधाने हृदयाला जोर लावून केलेला इको) झाली होती, पेटने नव्हे, हा आमच्या बाजूचा युक्तिवाद आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण तेवढ्यावर सगळा निकाल बाजूला सारता येत नाही.

पेटवरचा मोठा अभ्यास कॅनडातून आला, २००७ मध्ये, 'पार-२', ४३० रुग्ण. पेट केलेल्या आणि न केलेल्या गटांत एकूण फरक ठोस निघाला नाही. मात्र पेटने जे सुचवलं ते डॉक्टरांनी प्रत्यक्षात पाळलं, त्या रुग्णांचं बरं चाललं. मग २०२२ मध्ये ब्रिटनचा 'रिव्हाइव्ह्ड' आला. ७०० रुग्ण, ईएफ कमी, स्नायू जिवंत असल्याचं आधीच दाखवलेलं, आणि तरीही अँजिओप्लास्टीने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठीचं ॲडमिशन कमी झालं नाही.

हे सगळं तुमच्यावर ओतायचं कारण एवढंच: वडिलांच्या नळ्या पुढच्या भागात जोडण्याजोग्या असतील, किडनी आणि फुप्फुसं बरी असतील, आणि सर्जन "मी बायपास करायला तयार आहे" म्हणत असेल, तर पेट न करताही बायपासकडे जाणं शास्त्राला धरून आहे. याउलट सर्जन कचरत असेल, भिंत इकोत पातळ दिसत असेल, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल, नळ्या टोकापर्यंत खराब असतील आणि "एवढा धोका पत्करून हाती काही लागेल का?" हा प्रश्न सगळ्यांनाच पडला असेल, तर तिथे हा स्कॅन कामाचा. बराचसा भाग जिवंत निघाला तर धोका घ्यायला आधार मिळतो. सगळा व्रणच निघाला तर वडिलांची छाती उघडणं टळतं, आणि तीही मोठी गोष्ट आहे.

म्हणून कार्डिओलॉजिस्टना एवढंच विचारा: "स्नायू जिवंत निघाला तर तुम्ही काय कराल, आणि नाही निघाला तर काय?" दोन्ही उत्तरं सारखी आली तर पुण्याचा खर्च वाचवा. हे विचारलं म्हणून डॉक्टर रागावतील असं मानू नका. मला रेफर करणारे कित्येक जण हा प्रश्न ऐकल्यावर थांबून नीट विचार करतात. आणि सर्जनची भेट स्कॅनच्या आधी घ्या, नंतर नाही. आपल्याकडे हा क्रम हमखास उलटा होतो.

पेटला पर्याय आहेत का? आहेत. डोब्युटामिन इको सगळ्यात स्वस्त, पण करणारा हात मुरलेला हवा. थॅलियम स्कॅन गॅमा कॅमेऱ्यावर होतो, एमआरआयमध्ये गॅडोलिनियम हे द्रव्य शिरेतून देऊन व्रण थेट पाहता येतो. व्रण भिंतीच्या निम्म्याहून जास्त जाडीत असेल तर तो भाग सुधारण्याची आशा कमी. एमआरआय मशीन आता जिल्ह्याच्या गावीही असतं, पण हृदयाचा एमआरआय करणारे आणि वाचणारे थोडे. किडनी अधू असेल किंवा पेसमेकर असेल तर आधी विचार करावा लागतो. यातलं जे तुमच्या जवळ चांगलं होतं, ते दूरच्या उत्तम पेटपेक्षा पुष्कळदा बरं.

आता तुमच्या चुलतभावाचं. तो खोटं बोलत नाहीये, फक्त वेगळ्या स्कॅनबद्दल बोलतोय. अमेरिकेत हृदयाचं जे पेट जास्त होतं, ते रक्तपुरवठ्याचं, रुबिडियम-८२ वापरून. रुबिडियमचं अर्धायुष्य, म्हणजे द्रव्य निम्मं उरायला लागणारा वेळ, सव्वा मिनिटाच्या आसपास. विश्रांतीचा आणि ताणाचा असे दोन्ही भाग पाऊण तासात उरकतात आणि किरणांचा डोसही कमी पडतो. पण एवढं अल्पायुषी द्रव्य बाहेरून मागवता येत नाही, ते कॅमेऱ्याशेजारी ठेवलेल्या जनरेटरमधून थेट शिरेत सोडावं लागतं. जनरेटरमध्ये स्ट्रॉन्शियम-८२ असतं, ते जगात मोजक्याच ठिकाणी बनतं, आणि जनरेटर चार ते सहा आठवड्यांत बदलावा लागतो. त्यावर दिवसाला दहा रुग्ण झाले काय आणि आठवड्याला दोन झाले काय, त्याचे पैसे तेवढेच. विमा कंपनी पैसे देते आणि रुग्णांची रांग असते तिथेच हे परवडतं. आपल्याकडे ते रोजच्या वापरात नाही. खुद्द अमेरिकेतही रक्तपुरवठ्याचे जास्त स्कॅन अजून साध्या स्पेक्टवरच होतात, हे त्याला माहीत नसावं.

दुसरं द्रव्य नायट्रोजन-१३ अमोनिया. अर्धायुष्य दहा मिनिटं, म्हणजे सायक्लोट्रॉन (अशी किरणोत्सारी द्रव्यं बनवणारं यंत्र) त्याच आवारात हवा. आपल्याकडे असं ठिकाण विरळा. जपानमध्ये अमोनिया पेटला २०१२ पासून सरकारी विम्याचं पाठबळ आहे. फिनलंडच्या तुर्कूमध्ये याहून अल्पायुषी, दोन मिनिटांचं अर्धायुष्य असलेलं ऑक्सिजन-१५ चं पाणी वापरतात. तिथली पद्धत मला फार पटते. आधी सीटी अँजिओ करायची, नळ्या साफ असतील तर रुग्णाला घरी पाठवायचं, शंका असेल तरच पेट करायचं. यंत्रं महागडी, पण वापर काटकसरीचा. मशीन घेतलंय म्हणून प्रत्येकाला त्याखाली घालायचं नाही.

आपल्याकडची अडचण मशीनच्या संख्येपुरती नाही. मुंबईतल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला, आणि टाटा मेमोरियलमध्ये २००४ च्या अखेरीस पहिला पेट-सीटी. त्यानंतर पेट-सीटी महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत पसरले, पण बहुतेक सगळे कॅन्सरसाठी. तेच मशीन हृदयासाठी वापरता येतं, फक्त त्यासाठी वेळ, तयारी आणि वाचणारा माणूस लागतो. कॅन्सरच्या रुग्णांची रांग लागलेली असताना मधुमेही हृदयरुग्णासाठी अर्धा दिवस कोण राखून ठेवणार? त्यात एफडीजीचं अर्धायुष्य ११० मिनिटं. सायक्लोट्रॉनमधून १०० भाग निघाले तर चार तासांच्या रस्त्यानंतर २२ उरतात. घाटात ट्रक आडवा झाला की सकाळचे शेवटचे दोन रुग्ण गेलेच. जिल्ह्याच्या गावी मशीन आणून ठेवलं तरी रोजचं द्रव्य वेळेवर पोचवण्याची साखळी लागते, ती उभी करणं मशीन विकत घेण्यापेक्षा अवघड आहे.

हे दुखणं जगभरचं आहे. अनेक देशांत अजून एकही पेट-सीटी नाही. साध्या स्पेक्टला लागणारं टेक्नेशियम ज्यापासून मिळतं ते मॉलिब्डेनम-९९ मोजक्या जुन्या अणुभट्ट्यांमध्ये बनायचं. २००९-१० मध्ये कॅनडाची चॉक रिव्हर आणि नेदरलँड्सची पेटेन या दोन भट्ट्या बंद पडल्या तेव्हा श्रीमंत देशांतल्या विभागांनाही रुग्ण परत पाठवावे लागले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१३ मध्ये ६५ देशांतल्या ३०८ केंद्रांची पाहणी केली. हृदयाच्या एकाच प्रकारच्या स्कॅनसाठी रुग्णाला मिळणारा किरणांचा डोस केंद्राकेंद्रांत कितीतरी वेगळा निघाला, म्हणजे प्रश्न उपलब्धतेइतकाच वापराच्या शिस्तीचा आहे.   

आशेची एक बातमी आहे. फ्लोरिनवर आधारित फ्लुर्पिरिडाझ या रक्तपुरवठ्याच्या द्रव्याला अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. त्याचंही अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे एफडीजीसारखं गाडीने पाठवता येण्याजोगं. आपल्याकडे ते परवडणाऱ्या किमतीत आलं तर चित्र बदलू शकतं. तुमच्या वडिलांच्या निर्णयाला मात्र त्याची वाट बघत बसायचं कारण नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण लिहिते, कारण हायब्रिड स्कॅनला (पेट आणि सीटी एकत्र) पर्याय शोधणं जिथे जड जातं, अशा जागा वेगळ्या आहेत. चाळिशीच्या आतबाहेरचा माणूस, नळ्या साफ आणि अचानक हार्ट ब्लॉक (नळीतलं ब्लॉकेज नव्हे, ठोक्यांचा विद्युत संदेश अडणं) किंवा जीवघेणे ठोके. अशा वेळी हृदयातला सार्कॉइड (सूज आणि गाठी आणणारा आजार) मनात येतो आणि आपल्या देशात त्याच्या जोडीने टीबीही यायलाच हवा. पेट-सीटीवर हृदयातली सूज दिसते, शिवाय छातीतली सुजलेली गाठ सापडते, जिथून सुई घालून तुकडा काढता येतो. स्टिरॉइड द्यायचं की टीबीची औषधं, हे त्या तुकड्यावर ठरतं. कृत्रिम झडपेला जंतुसंसर्ग झाल्याची शंका असेल आणि इकोत काही दिसत नसेल तर तिथेही तसंच. माझ्या हातात चार पैसे आणि एकच पेटचा स्लॉट असेल तर तो मी अशा रुग्णाला आधी देईन.

तयारीबद्दल मात्र नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त स्कॅन इथे वाया जातात. सार्कॉइडसाठी हृदयाने साखर वापरू नये अशी तयारी करतात. आदल्या दिवशी भरपूर स्निग्ध आणि जवळजवळ शून्य पिष्ट: अंडी, पनीर, तूप, पीठ न लावता तळलेले मासे, मटण. पोळी, भाकरी, भात, डाळ, दूध, फळ बंद, साखरेचा चहा बंद, आणि नंतर पूर्ण उपाशी. "सकाळपासून उपवास आहे" म्हणत साबुदाण्याची खिचडी किंवा केळं खाऊन येणारे रुग्ण आमच्याकडे येतात. त्या दिवशी स्कॅन करून काही अर्थ नसतो.

तुमच्या वडिलांच्या व्हायबिलिटी स्कॅनची तयारी याच्या बरोबर उलटी. हृदयाने साखरच ओढावी असं आम्हाला हवं असतं. उपाशीपोटी शुगर तपासून ग्लुकोज देतात, मग गरजेप्रमाणे थोडं थोडं इन्सुलिन, आणि शुगर योग्य पट्ट्यात आली की एफडीजी. जुन्या मधुमेहात हे पटकन जमत नाही, दोन-तीन तास सहज जातात. शुगर नीट खाली आली नाही तर जिवंत स्नायूही साखर ओढत नाही आणि व्रण असल्यासारखा दिसतो. म्हणजे घाईत केलेला स्कॅन चुकीच्या दिशेने नेऊ शकतो. इंटरनेटवर "पेटची तयारी" शोधून सार्कॉइडचं पथ्य पाळू नका. आणि सकाळचं इन्सुलिन किंवा गोळी घ्यायची की नाही हे केंद्राकडूनच विचारून घ्या. इन्सुलिन घेऊन उपाशी सहा-सात तास गाडीत बसणं ईएफ २८ असलेल्या माणसाला धोक्याचं आहे. आदल्या दिवशीच पोचा.

जायचं ठरलं तर केंद्राला फोन करून विचारा की हृदयाचे व्हायबिलिटी स्कॅन तुमच्याकडे नेहमी होतात का, आणि रक्तपुरवठ्याचा भाग तिथेच होईल का. आपल्याकडे तो बहुधा गॅमा कॅमेऱ्यावर टेक्नेशियमने करतात, काही ठिकाणी वेगळ्या दिवशी. नुसता एफडीजी करून देणाऱ्या ठिकाणी जाऊ नका, अर्धीच माहिती मिळेल. मधुमेह जुना आहे हे बुकिंग करतानाच सांगा. सोबत इकोचा रिपोर्ट, अँजिओग्राफीची सीडी, चालू औषधांची यादी आणि ताजं क्रिएटिनिन घ्या. खर्चाचं म्हणाल तर दोन्ही भाग मिळून किती ते आधी स्पष्ट विचारा, आणि बायपास महात्मा फुले जन आरोग्य योजनेत करायचा असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून स्कॅनचे पैसे त्यात बसतात का ते जाण्याआधी विचारून घ्या. किरणांची काळजी तुमच्या बाबतीत मी मागे ठेवीन. या वयात, या ईएफला, तो मुख्य धोका नाही.

एक गोष्ट स्कॅनपेक्षा तातडीची आहे. ईएफ कमी असताना चार गटांची औषधं देतात आणि त्यांचे डोस हळूहळू वाढवत नेतात. ती चालू आहेत का, पाच महिन्यांत डोस वाढवलेत का, हे येत्या भेटीत विचारा. नीट औषधांवर काहींचा ईएफ तीन-चार महिन्यांत सुधारतो. पाच महिन्यांपूर्वीचा इको धरून निर्णय घेत असाल तर आधी नवा इको करा, तो लातुरातच होईल.

अँजिओग्राफीच्या रिपोर्टमधलं डाव्या मुख्य नळीबद्दलचं आणि एलएडीबद्दलचं (हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी नळी) वाक्य, क्रिएटिनिनचा आकडा आणि चालू औषधांची नावं कळवलीत, तर सर्जनला काय विचारायचं ते आणखी नेमकं सांगता येईल.